तपासणीप्रमुख

४ मे २०२४, शनिवार

संध्याकाळी विहारात मंडळाची सभा झाली. मुंबईकरांतर्फे राजेंद्र आला होता. हा मुंबईला बँकेत चिकटल्यापासून आधी चष्मा पुसतो आणि मग वाडीचं भवितव्य ठरवतो. बुद्धपौर्णिमा आणि संयुक्त जयंती यंदा एकाच दिवशी, २३ तारखेला. एवढं ठरवायला दीड तास लागला. मी तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. एवढ्या वेळात आमच्याकडे अख्ख्या गावाची मतदारयादी तपासून व्हायची.

शेवटी राजेंद्र माझ्याकडे वळला. "राजाकाका, यंदा तुम्ही स्टेजवर बसायचं नाय. तुम्ही तपासणीप्रमुख. माईक, स्पीकर, वाद्यं, सगळं तुम्ही पास केलंत की मगच कार्यक्रम सुरू." हे त्याला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात बोलला. हल्लीची पद्धतच ती.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी ताबडतोब. बेचाळीस वर्षं या वाडीच्या गायन पार्टीत पेटी वाजवली, त्याची किंमत उशिरा का होईना कळली म्हणायची. गेल्या वर्षी मी वाजवत असताना ढोलकीवाला मध्येच थांबून माझ्याकडे बघत बसला होता. असल्या अर्धवटांच्या पंगतीला बसण्यापेक्षा बाजूला उभं राहून त्यांच्या चुका काढणंच माझ्या वयाला शोभतं.

पेटी आता करुणा वाजवणार आणि गाणारही तीच. करुणा म्हणजे विनोद मोहितेची मुलगी. विनोद गायचा, मी साथ करायचो. तो गेला त्याला अडीच वर्षं झाली. पेटी त्याचीच, आता मुलीकडे. पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आवाज बरा आहे. बापाच्या पासंगाला पुरत नाही, पण या वाडीला तेवढं पुष्कळ झालं.

५ मे, रविवार

आमच्या कुकरची शिट्टी बिघडली आहे. मी समोर बसून होतो, एकही शिट्टी झाली नाही आणि प्रेमलाने गॅस बंद केला. म्हणे तीन झाल्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाई भाताच्या शिट्ट्यांवरून खोटं बोलते. भात मात्र शिजला होता. नशीब.

९ मे, गुरुवार

साऊंडचं काम दर्शनाला दिलं आहे. भागोजीची मुलगी. भागोजी आतल्या गावातला कुणबी, एके काळी पंचक्रोशीतला एकमेव कर्णेवाला. आमच्या वाडीत यायला बाकीचे कां-कूं करायचे त्या काळात हा माणूस डोक्यावर ॲम्प्लिफायर घेऊन कातळावरून चालत आला होता. तेव्हा मोठा होता. आता शेफारला. गेल्या महिन्यात रत्नागिरीच्या बाजारात मी मागून तीन हाका मारल्या. बेट्याने मान वळवली नाही.

मुलगी तिशीची असेल. टेम्पो स्वतः चालवते आणि त्याचा तिला गर्व आहे, असं माझं मत. विहारासमोरचं अंगण बघायला आली. पावलं मोजली, भिंतीपाशी जाऊन एक टाळी वाजवली, कान दिला, मान हलवली. टाळी वाजवून म्हणे जागेचा आवाज कळतो.

"यात तू तपासलंस काय?" मी विचारलं.

ती काहीतरी पुटपुटली. या पिढीला अक्षरं गिळायची सवय आहे. स, श, त, ट तर यांनी भाषेतून काढूनच टाकलेत.

१४ मे, मंगळवार

फोन बंद पडल्यासारखा आहे. आठवड्यात एकदाही वाजला नाही. निवृत्त माणसाची कोणाला गरज नसते. प्रेमलाला मात्र दिवसातून चार वेळा बोलायला कोणी ना कोणी मिळतं, तेही माझ्याच फोनवर.

१८ मे, शनिवार

पहिला साऊंड चेक. दर्शनाने दोन मोठे स्पीकर, गाणाऱ्यांपुढे ठेवायचे दोन छोटे, आणि पन्नास चकत्यांचा मिक्सर मांडला. मी मागे आंब्याखाली खुर्ची टाकून बसलो. करुणा गायली. आवाज गोधडीखाली कोंडल्यासारखा.

"वरचे सूर चढव," मी ओरडलो.

तिने चकती फिरवली. मी म्हटलं अजून. तिने अजून फिरवली. तेव्हा करुणा गायची थांबली आणि वाडीतली बायकामाणसं कानांत बोटं घालून हसायला लागली. यांना स्वच्छ आवाज सोसत नाही. आयुष्यभर फुटके भोंगे ऐकलेत. मग दर्शना माझ्याकडे बघून म्हणाली, "आण्णा, आता बघा," आणि कडेची एक चकती हळूच फिरवली. बाकी सगळ्या चकत्यांखाली तिने नावांच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत, त्या चकतीखाली काहीच नव्हतं. पण फरक लगेच कळला.

"आता आला खरा आवाज," मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटी कान तयार असलेला माणूस एकच लागतो.

मग चार शब्द सांगावे म्हणून मी बिनवायरचा माईक घेऊन स्पीकरसमोर उभा राहिलो. तोंड उघडतो न उघडतो तो सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. विहाराच्या पायरीवरचा कुत्रा उठून पळाला. वडीलधारा बोलायला लागला की कान झाकायचे, हे संस्कार! त्यातच माईक गप्प झाला. दर्शना धावत आली, माझ्या हातातल्या माईककडे बोट दाखवून म्हणाली, "आण्णा, खेळ संपलाय."

मी तिला सर्वांदेखत सुनावलं. ज्या माणसाने तिच्या बापाला या वाडीत पहिला चहा पाजला, त्याला ही सांगते खेळ संपला! ती गोंधळून बघत राहिली. मग माईकचं बूड उघडून त्यातले दोन सेल बदलले आणि काही न बोलता परत दिला. चोराच्या उलट्या बोंबा मारल्या नाहीत, एवढंच.

२१ मे, मंगळवार

मुंबईकर उतरले. प्रत्येकाच्या गळ्यात मंडळाचं ओळखपत्र. स्वतःच्या वाडीत येताना ओळखपत्र घालणारी जमात मी दुसरी पाहिली नाही.

दुपारी विहारात पेटी तपासली. करुणाने विनोदच्या जुन्या मफलरमधून पेटी काढली आणि खालपासून वरपर्यंत एकेक सूर वाजवला. खालचे, मधले ठणठणीत. तार सप्तकातले मात्र बसलेले, मेल्यासारखे. मी तसं सांगितलं.

दर्शनाने फोन पुढे धरला. त्यात एक काटा आहे; सूर बरोबर असला की मध्ये उभा राहतो आणि हिरवा होतो. प्रत्येक सुराला हिरवा झाला. "पेटी बरोबर हाय, आण्णा."

"काका, मलापण बरोबरच वाटते," करुणा म्हणाली.

म्हणजे आता सूर डोळ्यांनी बघायचा. मी यांच्याशी वाद घातला नाही. पेटी कार्यक्रमापर्यंत विहारातच राहणार, आणि विहाराची किल्ली तपासणीप्रमुखाकडे असते.

२२ मे, बुधवार

केलं. दुपारी वाडी जेवून लवंडली तेव्हा विहारात जाऊन आतून कडी लावली. पेटीचे स्क्रू काढले. सुराची पितळी पट्टी टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. हे मला सावंतवाडीच्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्याने शिकवलं होतं. वरचे सात सूर टोकाला खरवडून चढवले. पाव मिलिमीटरचा खेळ. हात अजून तसाच स्थिर आहे, हे बघून बरं वाटलं. खालच्या सुराशी लावून लावून बघत होतो, आणि शेवटी जुळले.

विनोदने ही पेटी घेतली तेव्हा आम्ही दोघे मिळून ती उचलून आणली होती. आज त्याच्या मुलीची लाज मी राखली. आत्ताच कोणाला सांगणार नाही. उद्याच्या कार्यक्रमानंतर सांगेन, सगळ्यांसमोर.

२४ मे, शुक्रवार

कालच्या कार्यक्रमाचं जे झालं ते नीट लिहून ठेवणं आवश्यक आहे.

पाच वाजता अंतिम तपासणी. माईक पास, स्पीकर पास, ढोलकी पास. दर्शना म्हणाली, पेटी सगळी एकदा वाजवून घेऊ. मी म्हणालो, "पेटी माझ्याकडून पास झालेली आहे."

"तरीपण एकदा..."

"तपासणीप्रमुख कोण? तू की मी?"

मी वहीत सही केली.

सात वाजता वंदना झाली, भाषणं झाली. राजेंद्र पंचवीस मिनिटं बोलला. त्यात बावीस मिनिटं आभार. मग करुणा बसली. पहिलं गाणं खालच्या सुरांतलं, छान झालं. दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला ती वर गेली आणि तिचा आवाज एकदम लटपटला. पुन्हा वर गेली, पुन्हा तेच. साथीच्या कीबोर्डवाल्याने हात उचलले. मागून कोणीतरी ओरडलं, "साऊंड! साऊंड बघा!" राजेंद्र मिक्सरकडे पळाला. पुढे बसलेल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

करुणाने गाणं थांबवलं. पेटीच्या भात्याला कडी घातली, पेटी दोन्ही हातांनी बाजूला सारली, आणि ढोलकीवाल्याकडे बघून नुसत्या ढोलकीवर पुढचं गाणं उचललं. मग राहिलेली सगळी गाणी तशीच म्हटली. बायका उठून जवळ येऊन बसल्या. टाळ्या पडल्या. पण मी विचारतो, हे नाटक कशासाठी? बापाची पेटी स्टेजवर बाजूला सारायची?

माझा अंदाज असा: वरचे सूर मला मागे जेमतेम ऐकू आले. याचा अर्थ दर्शनाने चकती मुद्दाम खाली केली होती. १८ तारखेला मी सुनावलं त्याचा हा सूड.

२५ मे, शनिवार

आढावा सभा. राजेंद्रने दर्शनाला उभं करून विचारलं, पाहुण्यांसमोर वाडीची शोभा का केलीस.

ती म्हणाली, "पेटी वरती चढलेली होती. मिक्सर आवाज लहानमोठा करतो, सूर बदलत नाय."

"पेटीचं आम्हाला शिकवू नकोस," राजेंद्र म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "काका?"

मी उभा राहिलो. "पेटी मी स्वतः तपासली होती. निर्दोष होती. वहीत सही आहे."

झालं. सहीपुढे कोण बोलणार? दर्शना माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, निरखून, वायरीच्या एखाद्या सैल जॅककडे बघावं तशी. करुणा जमिनीकडे बघत होती. राजेंद्रने तिथेच बसून सगळ्या मंडळांच्या ग्रुपवर लिहिलं की या साऊंडवालीला कोणी काम देऊ नये. मजकुरात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त करून दिल्या.

२९ मे, बुधवार

तालुक्याच्या समितीने वर्षावासाच्या तीन महिन्यांच्या प्रवचनांचं काम दर्शनाला ठरवलं होतं, ते काढून घेतलं. त्यांच्या सचिवांचा फोन आला होता म्हणे. प्रेमलाने घेतला. त्यांना माझ्याकडून खात्री हवी होती. मी रीतसर पत्र लिहिलं, सात मुद्द्यांचं. बऱ्याच दिवसांनी पत्र लिहिताना हात छान चालला.

प्रेमला म्हणाली, "पोरीच्या पोटावर पाय देताव तुम्ही."

मी म्हटलं, सत्य ते सत्य. ती पत्र टाकायला गेली नाही, मलाच पोस्टात जावं लागलं. येताना रस्त्यात एक मोटारसायकलवाला मागून अंगावर आला आणि वर मलाच शिव्या देऊन गेला. हॉर्न नावाची वस्तू असते, हे या लोकांना कोणी सांगितलेलं नाही.

३१ मे, शुक्रवार

लिहू की नको, असं पहिल्यांदाच होतं आहे. लिहितो.

चारच्या सुमारास दर्शना आली. तिचा एक माईकचा स्टँड विहारात राहिला होता, किल्ली माझ्याकडे. मी किल्ली दिली. किल्ली घेऊन ती निघाली नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली, तोंड माझ्या तोंडासमोर आणून एकेक शब्द सावकाश बोलली. तिचं बोलणं मला पहिल्यांदाच स्पष्ट कळलं.

"आण्णा, पेटी तुम्ही उघडलीत. स्क्रूवर नवीन ओरखडे हायत. मी कार्यक्रमाच्या दिवशीच बघितले."

"उघडली. सुधारली."

"मग सभेत का नाय सांगितलंत?"

"विचारलं कोणी?"

तिने फोन काढला. "मी यातून सूर लावते. ऐकू आला की हात वर करा. एवढं करा, मग मी जाते."

मला हसू आलं. बेचाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाची कानाची परीक्षा! पण म्हटलं, होऊन जाऊ दे. पहिला सूर आला, हात वर केला. दुसरा, तिसरा, चौथा. मग ती फोन हातात धरून नुसती बसली. मी वाट पाहिली. मुलीला स्वतःचा फोनही धड वापरता येत नाही, असं मनात आलं.

"लाव की," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत होती. एवढ्यात प्रेमला चहा घेऊन दारात आली, तिने कप घाईने ओट्यावर टेकवले आणि दोन्ही कानांवर तळवे दाबले. उंबऱ्यातलं मांजर उठलं आणि पडवीतून बाहेर गेलं.

"बंद कर गो बाय," प्रेमला म्हणाली. तिच्या ओठांवरून कळलं.

दर्शनाने फोनवर बोट ठेवलं. प्रेमलाने हात खाली घेतले. माझ्या दृष्टीने काहीच सुरू झालं नव्हतं आणि काहीच संपलं नव्हतं.

मग दर्शना म्हणाली, "आमच्या बाबांचं असंच झालं. तीस वर्षं स्पीकरजवळ. आता मागून हाक मारली तर काय नाय ऐकू येत. तुमची पेटी मांडीवर आणि स्पीकर कानाशी. त्यात वय."

"तुला कधी कळलं?"

"अठरा तारखेला. शिट्टी एवढी वाजत होती माईकची, आणि तुम्ही हसत उभे." मग ती म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या माणसांना माहीत असेल. मी बाहेरची, मी कशाला बोलू? आमच्या गावात आधीच बोलतात, त्यांच्याकडची कामं कशाला घेतेस. आता तुमच्याकडचेपण बोलतात."

ती स्टँड घेऊन गेली. चहा तसाच राहिला.

मी प्रेमलाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही कुणाचं ऐकताव कधी?"

१ जून, शनिवार

आज काही लिहिण्यासारखं नाही. सकाळी कुकरसमोर जाऊन बसलो. प्रेमला चपात्या लाटत होती. माझ्याकडे न बघता तिने बोटं दाखवली. एक. थोड्या वेळाने दोन. मग तीन.

सत्तर वर्षांचा गाढव तिच्यासमोर बसला होता आणि ती त्याला शिट्ट्या मोजून दाखवत होती.

४ तारखेच्या टाळ्या आठवल्या. किती ताबडतोब वाजल्या होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मला कामावरून काढून पदावर बसवलं होतं. कचेरीत मी स्वतः दोघातिघांचं असं केलं आहे, तेव्हा पद्धत ओळखायला हवी होती.

२ जून, रविवार

सकाळी करुणाकडे गेलो. मफलर सोडवलेली पेटी पलंगाखाली ढकललेली होती. मी दारातच सांगितलं. बसून सांगितलं असतं तर पाणी वगैरे विचारलं असतं तिने, आणि मग सांगवलं नसतं.

"पेटीचे वरचे सूर मी खरवडले. मला कमी ऐकू येतं. माझ्यामुळे तुझं गाणं मोडलं."

ती काही बोलली नाही. आधी मला वाटलं बोलली आणि मला ऐकू आलं नाही, म्हणून मी "काय?" विचारलं. तिने मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. मग जोराने, मला कळेल असं म्हणाली, "बाबांनी शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नव्हता तिला. तुम्हाला सोडून."

मी परत आलो. याहून शिव्या बऱ्या.

संध्याकाळी मुंबईकरांची निरोपाची सभा. राजेंद्र पुन्हा आभार मानत होता. मी मध्येच उभा राहिलो आणि जे सकाळी सांगितलं तेच सांगितलं. पेटी मी उघडली, मी बिघडवली, पाच वाजता त्या मुलीला ती तपासू दिली नाही, आणि २५ तारखेच्या सभेत मी खोटं बोललो. सूड वगैरे काही नव्हतं. चूक माझी होती.

राजेंद्रने चष्मा काढला. "काका, झालं ते झालं. तुम्ही वडीलधारे. हे वाडीतच राहू दे. ती काय, बाहेरची आहे. तिला दुसरी कामं मिळतील."

"बाहेरची?" मी म्हणालो. "हिचा बाप इथे आला तेव्हा तुझ्या बापाने त्याच्या पायातली कुसळं काढली होती. इतिवृत्ताची वही आण."

"अहो, पण वाडीची अब्रू..."

"वाडीची नाही जात, माझी जाते. वही आण."

वही आणली. सगळं माझ्या अक्षरात लिहिलं, तारखेनिशी. खाली सही केली. ग्रुपवर टाकायला सांगितलं तर राजेंद्रचा फोन नेमका डिस्चार्ज. हे लोक इतके ठरावीक असतात! करुणा मागे बसली होती. तिने उठून पानाचा फोटो काढला आणि टाकला.

सभा संपल्यावर ढोलकीवाला जवळ आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला, "काका, गेल्या वर्षी मी तुमच्यासाठीच थांबलो होतो!" एवढं ओरडायची गरज नव्हती. तेवढं ऐकू येतं मला.

६ जून, गुरुवार

पत्राने केलेलं पत्राने निस्तरत नाही, म्हणून समितीच्या सचिवांकडे स्वतः गेलो. पावसला राहतात. प्रेमलाला बरोबर नेलं, ते बोलतील ते पुन्हा मोठ्याने सांगायला. सचिवांनी ऐकून घेतलं. पहिल्या महिन्याचं काम दुसऱ्याला देऊन झालं होतं, ते आता फिरवता येत नाही. पुढचे दोन महिने दर्शनाकडे. मी लेखी मागितलं. त्यांना अपमान वाटला, पण दिलं.

तो कागद घेऊन तसेच दर्शनाच्या घरी गेलो. तिने कागद दोनदा वाचला आणि घडी करून ठेवला. "एक महिना गेला," एवढंच म्हणाली. मी हो म्हणालो. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

भागोजी अंगणात सुपाऱ्या सोलत होता. यावेळी मी समोरून गेलो. बघताच उठून हात धरले. दोघे शेजारी बसलो. तो काहीतरी सांगत होता, मी काहीतरी सांगत होतो, आणि आमचं एकमेकांचं किती पोचलं देव जाणे. देव मानत नाही, पण दुसरा कोण जाणणार? प्रेमला आणि दर्शना दारात उभ्या राहून हसत होत्या. हसू देत.

९ जून, रविवार

डॉक्टरने कानाच्या मशिनचं सांगितलं आहे. नमुना लावून बघितला: पंखा खडखडतो, कागद फाटल्यासारखा वाजतो, आणि प्रेमलाचा आवाज मला वाटत होता त्याहून पातळ आहे. मशिन यायला पंधरा दिवस लागतील. विकणारा मुलगा मला सारखा "आजोबा" म्हणत होता. त्याला मी नमुना लावलेला असताना समज दिली.

दुपारी करुणा आली. मफलरमध्ये गुंडाळलेली पेटी स्कूटरवर पुढ्यात घेऊन. मी म्हटलं, कोल्हापूरला चांगला कारागीर आहे, मी घेऊन जातो.

"कोल्हापूरला कशाला?" ती समोर बसून म्हणाली. "कुठे कुठे हात लावलात ते तुम्हालाच माहीत. हात तुमचे चांगलेच आहेत. कान मी देते."

ओटीवर चटई टाकली. तिने दर्शनाकडून फोनमधला तो काटा शिकून घेतला होता, पण पंधरा मिनिटांत तोही बाजूला ठेवला. मी स्क्रू काढले. पट्टी बुडाशी खरवडायची, केसभर. मग मी सूर दाबणार, ती भाता मारणार आणि ऐकणार. अंगठा खाली म्हणजे अजून उतरवा. तळवा म्हणजे थांबा. पहिल्या सुराला तिने आठ वेळा अंगठा खाली केला. एकदा मला वाटलं, आता पुरे, हिला काय कळतं, आणि हत्यार खाली ठेवलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी परत उचललं.

दुसऱ्या सुराला मला काहीच ऐकू येत नव्हतं. भात्याचा वारा मनगटाला लागत होता आणि पट्टीखाली बारीकशी थरथर बोटाला कळत होती, तेवढंच. करुणाने डोळे मिटले, मान थोडी कलती केली आणि तोच सूर गळ्यातून लावला. तोही मला पुसटच आला. पण तिचे खांदे सैल झाले, आणि तळवा वर आला.

माझा हात थांबला.

"आता पुढचा घ्या, काका," ती म्हणाली.

मी पुढचा घेतला. अजून पाच बाकी होते.